फुकटचें रेशीम

जी वस्तु फुकट मिळते, तिचीही किंमत कोणीतरी देतच असतो. अमेरिकेंतील पदार्थसंग्रहालयांत जपून ठेविलेल्या कित्येक जुन्या गोधड्या ह्या गोष्टीची साक्ष देतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडे चिरुटांच्या जुड्या पिवळ्या रेशमी फितींनीं बांधीत व त्यांवर मालाचें नांव छापीत. गृहिणी त्या फिती सांठवून त्यांच्या गोधड्या व उशांचे अभ्रे शिवीत. पुढें १९१० च्या सुमारास सिगारेटींबरोबर रेशमाचे व फ्लॅनेलचे छापील तुकडे मिळूं लागले. कांहींवर पांखरें, कांहींवर फुलें, कांहींवर राष्ट्रांचीं निशाणें. १९१४ सालीं तर बेसबॉलचे खेळाडूही फ्लॅनेलवर अवतरले! ह्या चित्रांच्या माला काढण्यांतच व्यापाऱ्यांची खरी युक्ति होती. माला पुरी व्हावी, म्हणून आणखी एक पाकीट घ्यावें. धूर बापानें ओढावा आणि चित्रांची वाट मुलांनीं पाहावी! ह्या धुराची किंमत काय, हें अमेरिकन सरकारच्या १९६४ सालच्या वैद्यकीय अहवालानें उघड सांगितलें : धूम्रपान हें पुरुषांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचें कारण होय.

मग जाहिरातीचें सर्वच कापड त्याज्य मानावें काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं. १९२५ च्या सुमारापासून त्याच देशांत पीठ व पशुखाद्य फुलाफुलांच्या सुती पिशव्यांतून विकूं लागले. १९२९ नंतरच्या मंदीच्या दिवसांत शेतकऱ्यांच्या बायकांनीं त्याच पिशव्या उसवून मुलांचे कपडे व गोधड्या शिवल्या. तेंही व्यापाऱ्याचें आमिषच होतें. परंतु पिशवींतील पीठ घरास हवेंच होतें. भेद आहे तो येथें.

त्या स्त्रियांच्या सुईचें कौतुक आम्ही दोन्ही ठिकाणीं सारखेंच करूं. टाकाऊ तुकड्यांतून ऊब व शोभा निर्माण करणें हा मोठाच गुण आहे. परंतु सुईचें पुण्य तंबाखूच्या पदरीं घालणें आम्हांस मान्य नाहीं.

आजही खाऊच्या पाकिटांत चित्रें व खेळणीं निघतात, आणि आमचे बालमित्र त्यांच्यासाठीं हट्ट धरतात. त्यांनीं व त्यांच्या पालकांनीं दुकानाच्या पायरीवर स्वतःस एकच प्रश्न विचारावा : आंतील चित्र काढून घेतलें, तरी हा माल आपण घेतला असता काय ? उत्तर "होय" आल्यास चित्र खुशाल जपून ठेवावें. "नाहीं" आल्यास पैसे खिशांतच राहूं द्यावेत.