मुदत सांभाळायची ती माल उतरवताना

मुदत उलटलेला बिस्किटांचा पुडा घेऊन गिऱ्हाईक परत आलं, की बहुतेक किराणा दुकानांत एकच वाक्य ऐकू येतं: ‘घेतानाच तारीख बघायची ना!’ पुडा बदलून मिळतो, पण दोष गिऱ्हाईकाच्या माथी मारूनच. किराणा दुकानांचे हिशेब लिहिणं हे माझं काम, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूला बसून हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं आहे. ते कायद्याला धरून नाही आणि व्यवहारालाही धरून नाही.

कायद्याचं आधी सांगतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २७ मध्ये जबाबदाऱ्या स्पष्ट वाटून दिलेल्या आहेत. मुदत संपलेला पदार्थ विकला गेला तर विक्रेता जबाबदार. मुदत संपल्यावर तो पुरवला तर वितरक जबाबदार. गिऱ्हाईकाने न बघता घेतला, ही सबब त्या कलमात कुठेही नाही.

व्यवहाराचा मुद्दा मला त्याहून मोठा वाटतो. मॉलमध्ये गिऱ्हाईक स्वतः रॅकपाशी जातं, चार पुडे उलटेपालटे करतं, मागचा ताजा ओढून काढतं. किराणा दुकानात गिऱ्हाईक आणि माल यांच्यामध्ये काउंटर असतो. फळीवरचा कुठला पुडा काढायचा हे दुकानदार ठरवतो, नाहीतर त्याचा पोऱ्या. यादी व्हॉट्सॲपवर येते आणि भरलेली पिशवी थेट घरी जाते. कधी आठ वर्षांचं पोर चिठ्ठी घेऊन आलेलं असतं, कधी आजोबांचा चष्मा घरी राहिलेला असतो. आणि ती तारीख असते तरी कुठे? चिप्सच्या पुड्याच्या वरच्या चिकटपट्टीवर, तेलाच्या पिशवीच्या काठाला, बिस्किटांच्या वेष्टनाच्या घडीत. चकचकीत कागदावर ठिपक्याठिपक्यांच्या फिकट आकड्यांत. भर उजेडातसुद्धा पुडा तिरका धरल्याशिवाय ती वाचता येत नाही. ज्याच्या हातात पुडा आधी येतो त्याने ती वाचायची, हा साधा न्याय आहे.

तारखेवरच घेतला जाणारा दुसरा आक्षेप मात्र आदराने ऐकण्याजोगा आहे. ‘आमच्या आजीने कधी तारीख बघितली? ती वास घ्यायची, चिमूटभर तोंडात टाकायची. तारखा काढल्या कंपन्यांनी, चांगला माल फेकला जावा आणि नवा खपावा म्हणून.’ यात थोडं तथ्य आहे. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख गुणवत्तेची असते. ती उलटली की चव उतरते, कुरकुरीतपणा जातो, पण पदार्थ दुसऱ्या दिवशी विषारी होत नाही. ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही मात्र विक्रीची हद्द आहे. या दोहोंची सरमिसळ वर्षानुवर्षं झाली. ‘पॅकिंगपासून सहा महिन्यांच्या आत उत्तम’ असं छापायचं आणि बोटांवर महिने मोजायचे गिऱ्हाईकाने, अशी रीत होती. २०२० च्या लेबलिंग नियमांनी एक्सपायरी किंवा यूज बाय तारीख सक्तीची केली आणि बेस्ट बिफोर ऐच्छिक ठेवली, ते बरंच झालं.

पण आजीचं नाक चालायचं ते पोत्यातल्या, बरणीतल्या, उघड्या मालावर. बंद पुड्यातलं पीठ खवट झालंय हे पुडा फोडल्याशिवाय कळत नाही, आणि फोडल्यावर कळून उपयोग नसतो. तान्ह्या बाळाच्या दूध पावडरीतली जीवनसत्त्वं घटली असतील तर ते फोडूनही कळत नाही. आणि उघड्या मालावरही नाकाचा भरवसा नसतो. मराठवाड्यात उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या वारंवार येतात. ओल धरलेल्या भगरीवर आणि तिच्या पिठावर बुरशी वाढते, आणि ती दर वेळी डोळ्यांना दिसतेच असं नाही. म्हणूनच सुटी, बिनलेबलची भगर घेऊ नका, पाकिटावरची तारीख पाहा, असं अन्न व औषध प्रशासन सांगत असतं. मिठाईच्या ट्रेसमोरही १ ऑक्टोबर २०२० पासून ‘कधीपर्यंत उत्तम’ ही तारीख लावायची सक्ती झाली. अशा वेळी तारखेला कंपन्यांचा बनाव म्हणणं म्हणजे गिऱ्हाईकाच्या हातातलं एकमेव साधन काढून घेणं आहे.

आता दुकानदाराचं ठेवणीतलं उत्तर: ‘हे सगळं मोठ्या मॉलवाल्यांना जमतं. त्यांच्याकडे कॉम्प्युटर आहेत. आमच्याकडे हजारभर जिनसा आणि दोन माणसं.’ हे उत्तर इतक्या प्रामाणिकपणे दिलं जातं, की ते तपासून पाहायचं कुणाच्या मनातच येत नाही. पुड्यावरच्या उभ्या रेघांच्या नेहमीच्या बारकोडमध्ये वस्तूची ओळख असते, मुदत नसते. काल बनलेला पुडा आणि उद्या मुदत संपणारा पुडा, दोघांचाही बारकोड तोच. कुणीतरी माल आत घेताना बॅच आणि तारीख हाताने भरली तरच यंत्राला ती कळते. तारीखसुद्धा साठवू शकणारे चौकोनी कोड २०२७ अखेरपर्यंत जगभरच्या बिलिंग काउंटरांवर वाचले जावेत, असं बारकोडची मानकं ठरवणाऱ्या जीएस१ या संस्थेचं उद्दिष्ट आहे. पण तोवर मोठ्या दुकानातही तारीख माणसाच्या डोळ्यांनीच वाचावी लागणार.

उलट मला असं म्हणायचं आहे, की हे काम किराणा दुकानालाच जास्त सोपं आहे. मॉलमध्ये नोकराने जुना माल कितीही पुढे लावला तरी गिऱ्हाईक मागचा काढतं आणि पुढचा तसाच म्हातारा होत राहतो. किराणा दुकानात प्रत्येक पुडा दुकानदाराच्या हातून जातो. आधी संपणारा आधी द्यायचा हे त्याने ठरवलं, तर त्याला आडकाठी करणारं कुणी नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि अनुभवी दुकानदारांचंही तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ‘जुना माल पुढे, नवा मागे’ हा नियम त्यांना पाठ असतो. पण मागाहून आलेला माल नेहमी मागाहून बनलेला नसतो. महिनाअखेरीला वितरकाच्या माणसावर टार्गेटचं दडपण असतं, गोदामातल्या अडगळीतली खोकी त्याच दिवसांत बाहेर निघतात, आणि १० तारखेला आलेल्या खोक्यापेक्षा ३० तारखेला आलेलं खोकं दोन महिन्यांनी जुनं निघतं. ते विश्वासाने मागे लावलं की मागच्या मागे संपतं. म्हणजे दुकानात माल कधी आला याला महत्त्व नाही. पुड्यावर काय छापलंय त्याला आहे. ते वाचायची खरी वेळ एकच: टेम्पो दारात उभा असताना. बिलावर सही झाली, टेम्पो गेला, की तो माल तुमचा आणि त्याची मुदतही तुमची.

‘थोडाफार माल जायचाच, धंद्यात ते धरूनच चालावं लागतं,’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा कागदावर आकडे मांडावेत. समजा, २० रुपयांचा पुडा १७ ला पडतो आणि महिन्याला १० खपतात. गरजेपुरते १० घेतले तर १७० घालून २०० येतात, ३० रुपये सुटतात. त्याऐवजी ‘१२ वर १ फुकट’ अशी स्कीम घेतली. २०४ रुपये गेले, १३ पुडे आले. मुदत महिन्याभराचीच उरली असेल तर १० खपतील, ३ पडून राहतील, आणि हातात ४ रुपयांचा तोटा येईल. फुकटच्या एका पुड्याने तीस रुपयांचा नफा गिळला. त्यात मुदत संपलेला माल नष्ट केला, तर त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिटही जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार परत करावं लागतं. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला ते मुळात मिळालेलंच नसतं. स्कीम सांगताना हा हिशेब वितरकाचा माणूस सांगत नाही, आणि वर्षअखेरीला तो माझ्यासारख्याच्या वहीत ‘खराब माल’ या एका ओळीत येऊन बसतो.

म्हणून दुकानाच्या दारात स्वतःचा नियम हवा. तसे नियम इतरांनी केलेलेच आहेत. परदेशातून येणाऱ्या खाद्यपदार्थाची ६० टक्के मुदत किंवा तीन महिने, यांतलं जे कमी तेवढं शिल्लक नसेल, तर तो बंदरावरून सोडला जात नाही. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सांगितलं, की घरपोच देताना ३० टक्के किंवा ४५ दिवसांची मुदत उरलेली असावी. मग कोपऱ्यावरच्या दुकानदाराने वितरकाला ‘निम्मी मुदत उरली नसेल तर खोकं उतरवू नका’ असं का सांगू नये? पाव, दूध, दही यांचं गणित दिवसांचं, त्यांना हा नियम लावायची गरज नाही. ते रोज सकाळी बघितले जातातच. घात होतो तो मसाल्याच्या पाकिटांत, खिरीच्या मिश्रणांत, दिवाळीनंतर उरलेल्या चकलीच्या भाजणीत, म्हणजे हळू खपणाऱ्या मालात.

अशा मालासाठी कॉम्प्युटर लागत नाही. दुकानात भिंतीवर कॅलेंडर असतंच. खोकं उतरलं की ज्या महिन्यात मुदत संपते त्याच्या आदल्या महिन्याचं पान उघडायचं आणि १ तारखेच्या चौकोनात लिहायचं: ‘गुलाबजाम मिक्स, ८ पाकिटं, खालची फळी.’ ते पान वर आलं की तेवढीच पाकिटं काढून काउंटरवर वेगळ्या ट्रेमध्ये, कमी भावात, तारीख सांगून विकायची. एमआरपी ही कमाल किंमत आहे, त्याखाली विकायला कुणाची परवानगी लागत नाही. असा ट्रे ठेवला तर दुकानाचं नाव खराब होईल, अशी भीती मला पुष्कळांनी बोलून दाखवली आहे. नाव खराब होतं ते घरी गेल्यावर सापडलेल्या तारखेने. समोर सांगितलेली तारीख गिऱ्हाईकाला फसवत नाही, आणि आठवडाभरात संपवायचं असेल तर ते असं पाकीट खुशीने घेतं.

आणि जे तरीही उरेल ते बंद पुड्यासकट कचऱ्यात टाकायचं नाही. थिनरने तारीख पुसून नवी छापणारे असतात. पुडा कापूनच टाकायचा. वितरकाकडे परत द्यायचं असेल तर ‘पुढच्या फेरीला बघू’ या तोंडी आश्वासनावर नव्हे, सही घेतलेल्या यादीवर द्यायचं.

दुकानदाराने एवढं केल्यावर मागायचा हक्कही त्याला येतो, आणि मागणी साधी आहे. शेजारच्या औषधाच्या दुकानात होलसेलरचं बिल पाहा: प्रत्येक ओळीत बॅच नंबर आणि मुदतीचा महिना छापलेला असतो. किराणा मालाच्या बिलात नग, दर, स्कीम, कर सगळं असतं. बॅच आणि मुदत तेवढी नसते. ज्या संगणकावर ते बिल निघतं त्याला आणखी एक रकाना जड नाही. गावोगावच्या किराणा व्यापारी संघटना मार्जिन वाढवून मागतात, तशीच त्यांनी ही मागणी वितरकांपुढे लेखी ठेवावी. रकाना आला की बिल आणि खोकं ताडून पाहणं दुकानातल्या पोऱ्यालाही जमेल, आणि निम्म्याहून अधिक मुदत संपलेलं खोकं टेम्पोतून खाली उतरणार नाही.