देवी आणि तिचे कारागीर

आमच्या साहित्यविभागांतून सित्रोएन डी. एस. ही मोटार भेटते ती रोलाँ बार्थ यांच्या १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मधून. नावाचा फ्रेंच उच्चार 'देवी' या शब्दासारखा, मोटारींची तुलना गॉथिक कॅथीड्रलांशी, वस्तू जणू आकाशातून उतरलेली. एवढ्यावर तास संपतो. आमचा आक्षेप येथेच आहे. निर्मितीच्या खुणा कशा पुसल्या जातात, हे बार्थ दाखवत होते. आपण त्या खुणा शोधत नाही, मिथकच पुन्हा शिकवतो.

ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेली ही गाडी माणसांनी घडवली होती. आंद्रे लफेव्र विमाननिर्मितीच्या क्षेत्रातून आलेले अभियंते. आकार देणारे फ्लामिनिओ बेर्तोनी शिल्पकार. अभियांत्रिकीचे विधिवत शिक्षण नसलेल्या पॉल माजेस यांनी पोलादी स्प्रिंगांऐवजी गोलकांतला नायट्रोजन आणि दाबाखालचे तेल कामाला लावले. ओझे वाढले तरी गाडीची उंची कायम राही. त्याच दाबावर ब्रेक, स्टिअरिंग आणि गिअरही चालत. १९५४ मध्येच ही व्यवस्था सित्रोएनच्या आधीच्या एका गाडीच्या मागील चाकांवर आली होती. ज्याचा कच्चा खर्डा उपलब्ध आहे, त्याला चमत्कार कसे म्हणावे?

कवितेचे पाठभेद आणि खाडाखोड तपासण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी यंत्रापुढे मात्र नुसते हात जोडावेत, याला समीक्षा म्हणत नाहीत. तिला भक्ती म्हणतात.