पालखीत कोण, खांद्यावर कोण?

२९ नोव्हेंबर १९७० या दिवशी नागपूर येथे सहा निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्यांनी आपापले वेगळेपण विसर्जित केले आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही एकच मंडळी स्थापन केली. त्या दिवशी केवळ पंथ एकत्र आले असे नव्हे. छोटानागपूरचे मुंडा व उरांव, डांगच्या अरण्यातील आदिवासी, आणि मुंबई, पुणे व नगर येथील सुशिक्षित मराठी ख्रिस्ती हे सर्व एका छत्राखाली आले. पुढे १९९८ साली रोमन कॅथलिक पंथाचा वसई धर्मप्रांत वेगळा निघाला, तेव्हा त्यातही वसईच्या बागायती गावांबरोबर तलासरी, डहाणू व जव्हारकडील वारली पाडे समाविष्ट झाले. तेव्हापासून विभागीय मेळाव्यांच्या निमित्ताने शहरातील मंडळी आणि डोंगरातील मंडळी एका मांडवात बसतात. या बसण्याचा अर्थ काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

आमचे बहुसंख्य वाचक ख्रिस्ती नाहीत. मग एका अल्पसंख्य समाजाच्या अंतर्गत व्यवहारासाठी आम्ही पहिले पान का अडवावे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर असे की, नगरवासी आणि वनवासी यांना समान सभासदत्व देण्याचे वचन ज्या थोड्या संस्थांनी उघडपणे दिले आहे, त्यांत ही मंडळी मोडते. तिला हे वचन पाळता आले, तर साहित्य संमेलने, राजकीय पक्ष व सहकारी संघ यांनाही काही सबब उरणार नाही.

वचन कागदावर निर्दोष आहे. व्यवहारात मात्र अशा मेळाव्यांचा साचा ठरून गेलेला असतो. स्वागताला आदिवासींचा तारपा व नाच. त्यानंतर शहरी वक्त्यांची भाषणे. दुपारी शहरी सभासदांनी मांडलेले ठराव. आणि शेवटी डोंगरातील बंधुभगिनींसाठी निधीचे आवाहन. आदिवासी येतो तो शोभा म्हणून, आणि परततो तो उपकृत म्हणून. मधल्या वेळात तो काय बोलला, हे इतिवृत्तात शोधावे लागते.

यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे आम्ही म्हणत नाही. आम्ही स्वतः काही वर्षे शिक्षकाचा पेशा केला आहे. मागच्या बाकावरचा मुलगा गप्प राहिला की तो मंद आहे, असा शेरा आम्हीही मारून मोकळे झालो आहोत. त्याची घरची बोली निराळी आहे आणि आमचा प्रश्नच त्याला पोहोचलेला नाही, हे आमच्या फार उशिरा ध्यानी आले. सभेतील मौनाचेही असेच आहे. ते संमतीचे लक्षण नव्हे, आणि अज्ञानाचे तर नव्हेच.

मराठी ख्रिस्ती समाजाला ही गोष्ट इतर कोणापेक्षा लवकर उमजली पाहिजे, कारण त्याने स्वतः हे दुःख भोगले आहे. फादर स्टीफन्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्तपुराण रचले ते मराठीत, ओवीछंदात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी पाश्चात्त्य चालींच्या जागी अभंग व कीर्तन उपासनेत आणले, आणि अखेरीस १९१७ साली मिशनच्या पगारी चाकरीतून बाहेर पडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्त आमचा असेल तर तो आमच्या भाषेत बोलला पाहिजे, हाच त्या साऱ्या खटाटोपाचा आशय होता. टिळकांनी गोऱ्या मिशनऱ्यांकडे जे मागितले, तेच आज वारली आणि भिल्ल मराठी ख्रिस्त्याकडे मागू शकतो. नकळत का होईना, मिशनऱ्याची खुर्ची आता आपल्याखाली आली आहे, हे त्याने ओळखावे.

या बाबतीत परदेशाचा अनुभव बोलका आहे. कॅनडाच्या युनायटेड चर्चने १९८६ साली तेथील मूळ रहिवाशांची क्षमा मागितली. आपली संस्कृती हाच ख्रिस्ती धर्म असे भासवून त्यांच्यावर ती लादली, याची ती कबुली होती. दोन वर्षांनी मूळ रहिवाशांच्या मंडळ्यांनी त्या क्षमायाचनेची दखल घेतली. परंतु ती स्वीकारली असे म्हणण्याचे मात्र त्यांनी टाळले. शब्द ऐकले, आता कृती पाहू, हा त्या उत्तराचा मथितार्थ. आपल्याकडेही १९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत जयपालसिंग मुंडा यांनी बजावले होते की, आदिवासींना लोकशाही शिकवू नका, ती त्यांच्याकडून शिकायची आहे. ऑलिंपिक विजेत्या हॉकी संघाचा हा कर्णधार मिशनच्या शाळेत शिकला होता, आणि तरीही मुंडाच राहिला होता.

‘आदिवासी ख्रिस्ती झाला की आदिवासी उरत नाही’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच स्मरण देतो की, अनुसूचित जमातींविषयीच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. १९९८ च्या नाताळात डांगमधील प्रार्थनामंदिरांवर हल्ले झाले, तेव्हा आदिवासींच्या नावाने दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. आदिवासीला बोलू कोणी दिले? बाहेरच्या विरोधकाने त्याचा आवाज दाबला, तर आतल्या हितचिंतकाने तो ऐकलाच नाही, परिणाम एकच.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. एक मेळावा शहरात भरला तर पुढचा पाड्यावर भरावा, आणि एस.टी.चा प्रवास व जमिनीवरची पथारी यांचा अनुभव शहरी प्रतिनिधींनीही घ्यावा. चर्चेचा एक पूर्ण दिवस वारली, भिल्ली या बोलींत चालावा, आणि दुभाष्याची गरज त्या दिवशी शहरवासीयांना लागावी. वेळ मोडतो, ही तक्रार आम्हांस मान्य नाही. आजवर मोडला तो वेळ आदिवासीचाच होता. आणि निधीचा हिशेब ज्यांच्या नावाने तो जमतो त्यांच्यापुढे प्रथम वाचला जावा.

हे सारे आम्ही भोईवाड्याकडे पाहून लिहितो. टाटा आणि के. ई. एम. रुग्णालयांच्या भोवतालच्या पदपथांवर दूरच्या पाड्यांवरून आलेले रुग्णांचे नातलग गाठोड्याशी टेकून बसलेले आपण रोज पाहतो आणि रोज ओलांडून जातो. त्यांची भाषा कोणती, हे विचारण्यास आपणांस सवड नसते. पालखी वाहणाऱ्या भोयांचे नाव या वस्तीला लागले आहे. पालखीत बसणाऱ्याला वाट सुखाची वाटते. चढ किती आहे हे सांगू शकतो तो खांदेकरीच. धर्मसभा असो की लोकसभा, त्याला एकदा विचारल्यावाचून आपण पुढे निघू नये.