चिठ्ठीतला कर्ब

फताटेवाडीच्या १३२० मेगावॉट औष्णिक केंद्राची धुरांडी ज्या शहराच्या एवढी निकट उभी आहेत, त्या सोलापुरात कर्ब-उत्सर्जनाचा विषय निघाला की बोट प्रथम कोळशाकडे वळावे हे स्वाभाविकच आहे. गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांच्या एका खोलीच्या दवाखान्याला या आरोपींच्या रांगेत उभे करण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही. तथापि जगाच्या एकूण उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा ४ टक्क्यांहून अधिक असल्याचा अदमास २०१९ साली प्रसिद्ध झाला; आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २०२० मध्ये आपले प्रत्यक्ष उत्सर्जन २०४० पर्यंत निव्वळ शून्यावर आणण्याचा संकल्प सोडला, तेव्हापासून तिथे जे हिशेब मांडले गेले, त्यांत फॅमिली डॉक्टरांच्या खाती निम्म्याहून अधिक बाकी निघाली ती औषधांची.

आमच्या डॉक्टरांनी छपरावर सौर तक्ते बसवावेत, वैशाखातला एसी जरा आवरता घ्यावा, हे ठीकच. पण अशक्तपणा वाटला की सलाईन, अंग मोडून आले की सुई, आणि साध्या सर्दीला अँटिबायोटिकचा कोर्स, हा जो रिवाज आपल्याकडे मुरला आहे, त्याचे काय? उन्हाच्या तडाख्याने खरोखर कोसळलेल्या रोग्याला सलाईन लावलेच पाहिजे. मात्र ज्याला मीठ-साखरेचे पाणी पुरले असते, त्याच्यासाठी फोडलेली बाटली, नळी आणि सुई घडवण्यास, वाहून आणण्यास आणि अखेर जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांबरहुकूम लाल पिशवीतून आणि सुयांच्या पांढऱ्या डब्यातून त्यांची विल्हेवाट लावण्यासही इंधन जळते, आणि रोग्याच्या पदरी गुण काडीचाही पडत नाही. (मिक्श्चरची बाटली घरून नेण्याचे आणि कंपाउंडरने तिच्यावर कातरलेली कागदी पट्टी डकवण्याचे दिवस परत यावेत, असे माझे म्हणणे नाही, उकळलेल्या काचेच्या सिरिंजा तर मुळीच नकोत.)

दुसरी बाब दम्याच्या पंपाची. तंबाखूच्या आणि कापसाच्या धुळीत हजारो विडी कामगार बायांनी व यंत्रमाग कामगारांनी आयुष्य वेचलेल्या या शहरात ती उपेक्षणीय नव्हे. पंपातून औषध बाहेर ढकलणारा हायड्रोफ्लुरोकार्बन वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या १३०० ते १५०० पट उष्णता कोंडून धरतो. भुकटीची कॅप्सूल टाकून ओढण्याच्या यंत्रात तो वायूच नसतो, आणि ती यंत्रे आपल्याकडे कित्येक वर्षे स्वस्तात मिळत आली आहेत. लहान मुलांना, किंवा तीव्र झटक्यात ज्याला जोराने श्वास ओढवत नाही अशा रोग्याला, पंपच हवा. म्हणून हा बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा, रोग्याने परस्पर करू नये.

खरा अडसर व्यवहाराचा आहे. सुई टोचली की पैसे देण्यास आपण कुरकुरत नाही, पण पंधरा मिनिटे तपासून, धीर देऊन, 'औषधाची गरज नाही' असे सांगणारा डॉक्टर आपल्याला फुकटचा वाटतो, आणि पुढच्या खेपेस आपण शेजारच्या दवाखान्यात जातो. मग त्या बिचाऱ्यानेही सुई उचलली तर दोष एकट्या त्याच्या माथी कसा मारावा? इंडियन मेडिकल असोसिएशनच्या सोलापूर शाखेने दवाखान्यांत रोग्यांच्या बाकासमोर मराठी, तेलुगू व कन्नडमध्ये एवढा एकच मजकूर लावण्याची शिफारस करावी: सलाईन मागू नका, सल्ला मागा. आणि वाचकहो, डॉक्टरांनी कोरी चिठ्ठी हाती दिली, तरी त्यांची फी पूर्ण द्या.