खेळाला शेवट आहे का, हे आधी पाहा

वार्षिक परीक्षा संपून सुट्टी लागली की दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. ‘डॉक्टर, पोरगा दिवसभर गेमपुढे बसतो. जेवायला उठत नाही. बंद केला तर अंगावर येतो. व्यसन लागलंय का हो याला?’ आईवडिलांची काळजी खरी असते. पण ‘गेम’ हा शब्द ‘ताप’ या शब्दासारखा आहे. नुसता ताप म्हटल्याने निदान होत नाही, तो कशाचा हे पाहावे लागते. तसेच मूल काय खेळते आणि कसे खेळते, हे पाहिल्याशिवाय त्याच्यावर व्यसनाचा शिक्का मारू नये.

टीव्हीला जोडायचे, कॅसेट घालून खेळायचे मारिओ आणि कॉन्ट्रासारखे व्हिडिओ गेम नव्वदच्या दशकात आपल्याकडेही पुष्कळ घरांत होते. त्याच सुमारास जपानमध्ये एक निराळा प्रकार भरात होता. त्यात हाताच्या चपळाईपेक्षा गोष्टीला महत्त्व असे. खेळणारा नायक होऊन गावोगाव हिंडतो, लोकांना बोलते करतो, सोबती जमवतो, राक्षसांशी लढतो. १९८६ सालचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि १९९७ साली प्लेस्टेशनवर आलेला ‘फायनल फँटसी ७’ हे त्यातले गाजलेले खेळ. घरातल्या थोरल्या भावाचे किंवा मामाचे जुने प्लेस्टेशन माळ्यावरून खाली आले, की आजही मुले हा खेळ सुरू करतात आणि आईबाबांना वाटते, मोबाइल सुटला तर हे नवे खूळ आले.

माझे मत असे की या दोन्हींना एकाच मापाने मोजू नये. ‘फायनल फँटसी ७’ तीन सीडींवर मावतो. मुख्य गोष्ट पुरी करायला साधारण चाळीस तास लागतात. मग गोष्ट संपते, खेळही संपतो. खेळताना तो आणखी पैसे मागत नाही, ‘आज आला नाहीत तर बक्षीस बुडेल’ असा निरोप धाडत नाही. मोबाइलवरचे पुष्कळसे फुकट खेळ मात्र संपू नयेत अशाच बेताने रचलेले असतात. रोजची बक्षिसे, सतत वाजणाऱ्या सूचना, पैसे भरून मिळणारी हत्यारे आणि कपडे, हे सारे खेळणाऱ्याला परत बोलावण्यासाठी असते. म्हणून पालकांनी विचारायचा पहिला प्रश्न, ‘या खेळाला शेवट आहे का?’

दुसरा प्रश्न, ‘थांबायची जागा कुठे आहे?’ जुन्या खेळात कुठेही थांबून चालत नसे. जपानमधल्या पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये राजाकडे परत जावे लागे. तो अक्षरांची एक लांबलचक ओळ देई. ती वहीत उतरवून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी भरायची. एक अक्षर चुकले की खेळ पुढे सुरू होत नसे. १९८८ सालच्या तिसऱ्या भागात कॅसेटमध्येच बॅटरी आली आणि ही लिहालिही संपली. प्लेस्टेशनला १५ कप्प्यांचे छोटे मेमरी कार्ड असते. ‘फायनल फँटसी ७’मध्ये गुहेत किंवा इमारतीत असताना ठरावीक चमकत्या खुणेपाशीच खेळ ‘सेव्ह’ करता येतो.

आता पाहा, मुलाने तासभर खपून अर्धी गुहा पार केली आहे आणि बाबांनी येऊन बटण बंद केले. तो सगळा तास वाया गेला. अंगणात तासभर बसून काढलेल्या रांगोळीवर कोणी पाय दिला तर काढणारी चिडणारच. हा राग म्हणजे व्यसन नव्हे. वीस मिनिटे आधी सांगा, ‘पुढच्या सेव्हला बंद करायचे हं.’ मूल कुरकुरेल, पण बहुतेक वेळा ऐकेल. मात्र पालकांनी एक गोष्ट ठाऊक ठेवावी. याच खेळात गावाबाहेरच्या मोकळ्या नकाशावर आले की कुठेही सेव्ह करता येते. तिथे असताना ‘आता थांबता येत नाही’ ही सबब चालू देऊ नका.

गोष्टीचा फायदाही सांगायला हवा. या खेळात पात्रे बोलत नाहीत, त्यांचे सारे संवाद पडद्यावर लिहून येतात. त्यामुळे चाळीस तासांत मुलाचे बरेच इंग्रजी वाचन होते. एरिस ही नायकाची सोबतीण पहिल्या सीडीच्या शेवटी मारली जाते आणि तिला परत आणण्याचा कोणताही मार्ग खेळात नाही. त्या प्रसंगाला जगभरची मुले रडली. पुढे नायक क्लाउड स्वतःच मनाने कोसळतो, चाकांच्या खुर्चीत बसून असतो, त्याला धड बोलताही येत नाही. त्याची मैत्रीण टिफा त्याच्यापाशी राहते आणि त्याच्या आठवणींचा गुंता सोडवायला मदत करते. मृत्यू आणि मनाचे आजार यांविषयी आपण घरात मुलांशी सहसा बोलत नाही. अशा गोष्टीच्या निमित्ताने ते बोलता येईल.

याचा अर्थ जुने ते सारे निर्धोक असा नव्हे. प्रश्न मात्रेचा आहे. दहा दिवसांच्या गोळ्या एकाच दिवशी घेतल्या तर औषधाचे विष होते. चाळीस तासांचा खेळ रोज एक तास खेळला तर सुट्टीत चाळीस दिवस पुरतो. तोच एका आठवड्यात उरकायचा म्हटले तर रोज जवळजवळ सहा तास बसावे लागेल. मग झोप तुटते, डोळे कोरडे पडतात, मान आणि अंगठे दुखू लागतात, बाहेरचे खेळणे बंद होते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि त्याहून मोठ्या, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. त्यातून कापून खेळाला वेळ देऊ नका. रोज दोन तास उघड्यावर, उजेडात घालवणाऱ्या मुलांना लांबचा चष्मा लागण्याचा धोका कमी असतो, हेही ध्यानात असू द्या.

एक इशारा फिट्सविषयी. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये टीव्हीवर पोकेमॉन कार्टूनचा एक भाग चालू असताना लाल-निळा प्रकाश झपाझप लुकलुकला आणि ६०० हून अधिक प्रेक्षकांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. अशा लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काही थोड्या जणांना झटका येऊ शकतो. गेमच्या माहितीपुस्तिकेत तशी सूचना छापलेली असते. खोलीत दिवा लावून, पडद्यापासून लांब बसून खेळावे. पूर्वी फिट आलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

मग व्यसन केव्हा म्हणायचे? जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत खेळाच्या विकाराची नोंद केली. ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात तीन लक्षणे सांगितली आहेत. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळालाच महत्त्व येणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे किंवा वाढणे. हे साधारण बारा महिने टिकलेले असावे आणि त्यामुळे शिक्षण, घर, मित्र यांची घडी विसकटलेली असावी. नुसते तास मोजून हे निदान होत नाही.

म्हणून मूल खेळाबाहेर कसे आहे ते पाहा. मित्र आले तर बाहेर जाते का? ताटावर बसून जेवते का? रात्री वेळेवर झोपते का? खेळ संपल्यावर दुसऱ्या कशात रमते का? उत्तरे ‘हो’ असतील तर निश्चिंत असा. ‘नाही’ येत असतील, अभ्यास घसरला असेल, मूल गप्प गप्प राहत असेल किंवा पैशांविषयी खोटे बोलत असेल, तर यंत्र फोडू नका आणि हातही उगारू नका. मुलाला घेऊन डॉक्टरांकडे या. पुष्कळदा खेळाच्या आड उदासपणा, शाळेतली भीती किंवा घरातली भांडणे दडलेली असतात. त्यांवर मानसोपचारतज्ज्ञांच्या मदतीने उपचार होतात. नुसता प्लग काढून ती बरी होत नाहीत.

तोवर एक साधी गोष्ट करून पाहा. आज रात्री जेवताना मुलाला विचारा, ‘तुझी गोष्ट कुठवर आली?’ आणि ते सांगेल ते मध्ये न बोलता ऐका.