रुपयाच्या राखणीत कापसाचा बळी



जुलै २०१३. डॉलर ६० रुपयांच्या आसपास, रुपया घसरणीला लागलेला. रिझर्व्ह बँकेने बँकांना रात्रीपुरत्या दिल्या जाणाऱ्या उसनवारीवर हात आखडला. १५ जुलैला तातडीच्या उसनवारीचे व्याज सव्वाआठवरून सव्वादहा टक्के केले. नेहमीच्या उसनवारीला सगळ्या बँका मिळून ७५ हजार कोटींची मर्यादा घातली. २३ जुलैला ती आणखी आवळली.

हिशेब सरळ आहे. रुपया स्वस्तात उसना मिळाला की डॉलर घेऊन बसता येते. उसनवारी महागली की डॉलर धरून ठेवणे परवडत नाही, तो विकावा लागतो, रुपया सावरतो.

आता हाच हिशेब पारोळ्याच्या, शिंदखेड्याच्या बांधावर मांडा. रुईचा भाव जगाच्या बाजारात डॉलरमध्ये बोलला जातो. एका डॉलरच्या रुईचे ६० मिळणार की ६८, यात त्या उसनवारीचा हात असतो. डॉलर चढला की डिझेल, पोटॅश महागते, हे खरे. ज्वारीवाल्याच्या पदरात तर तेवढेच पडते! पण कोरडवाहू कपाशीवाल्याचा रुपया सावरला म्हणजे त्याचा भाव कापला.

एवढे करून साधले काय? २८ ऑगस्टला डॉलर ६८ च्या वर गेलाच. पैसा तेवढा महागला, आणि जिनिंगवाला कापूस घेतो तो बँकेच्याच पैशावर. २० सप्टेंबरला व्याज साडेनऊवर आणून माघार सुरू झाली.

पुढच्या वेळी रुपया राखायला निघाल, तेव्हा क्विंटलमागे कापसाचे किती रुपये गेले, तो आकडाही पत्रकात छापा.