दोन मिनिटांचे ऐकणे

माझ्याकडे आठ वर्षे गाणे शिकलेली एक मुलगी परगावी पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षात आहे. दिवाळीला ती घरी आली तेव्हा तिचे वडील मला म्हणाले, "गुरुजी, आता हिचे गाणे बंद करावे म्हणतो. ढोरांच्या डॉक्टरला तानपुरा काय करायचा?" मी गप्प बसलो. खरे सांगायचे तर माझाही विचार तोच होता, फक्त उलट बाजूने. असा गळा लाभलेल्या मुलीने गोठ्यांतून रात्री का काढाव्यात? पुढे तिच्याशी जे बोलणे झाले त्यावरून आम्ही दोघेही चुकलो होतो असे मला वाटते. म्हणून हे चार शब्द.

हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यातले अखेरचे वर्ष प्रत्यक्ष उमेदवारीचे असते. औषधोपचार, शस्त्रक्रिया, प्रसूती अशा विभागांतून आळीपाळीने काम करायचे. पहाटे अडलेली म्हैस, दुपारी कुत्र्याचे टाके, संध्याकाळी खेड्यावरची फेरी. "यात अवघड काय ग?" असे मी विचारले. मला वाटले, रक्त किंवा दुर्गंधी सांगेल. ती म्हणाली, "ऐकणं, गुरुजी."

गाईम्हशींच्या डाव्या कुशीत त्यांचे मोठे पोट असते. जनावर निरोगी असले तर ते दोन मिनिटांत साधारण दोन-तीन वेळा हलते, आणि लांबून गाडी येऊन जावी तशी गुरगुर नळीतून ऐकू येते. म्हणजे अर्धे मिनिट ऐकून काहीच ठरवता येत नाही. दोन मिनिटे तरी उभे राहिले पाहिजे. विलंबित एकतालाचे अर्धे आवर्तन ऐकून समेविषयी मत देणाऱ्यास आपण काय म्हणू?

असेच एकदा तिच्या हातून झाले. खेड्यावर एक म्हैस खात नव्हती. फेरीची घाई होती. तिने पोट ऐकले, छातीला नळी लावली न लावली तोच काढली, आणि अपचन म्हणून औषध दिले. आठवड्याने म्हैस मेली. चाऱ्याबरोबर गेलेली तार पोटातून हृदयाच्या वेष्टनात घुसली होती. अशा वेळी हृदयाचे ठोके दबलेले येतात, कधी त्यांत पाणी हिंदकळल्यासारखा आवाज येतो. तिच्या शिक्षकांनी तिला सांगितले की, तार तिथवर पोचल्यावर जनावर सहसा वाचत नाही. पण तू ऐकले असतेस तर त्या माणसाचे औषधाचे पैसे आणि खोटी आशा तरी वाचली असती. मालक रागावला नाही. "बेन, बीजी भेंस पण जोई लेशो?" एवढेच त्याने विचारले. दुसऱ्या म्हशीजवळ ती पुष्कळ वेळ नळी लावून उभी राहिली.

१८८६ साली आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली. त्याच वर्षी मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. दोन्ही विद्या घराण्यांच्या आणि जाणत्यांच्या ओसरीवरून वर्गात आल्या, सर्वांना खुल्या झाल्या, हे चांगलेच झाले. माझे वडील दरबारी गवई. पण मीही आज वर्गातच शिकवतो. मात्र वर्गाला एक गोष्ट साधत नाही. कान एकेकाचाच तयार करावा लागतो. वडील मला गाण्याआधी नुसता तानपुरा ऐकायला बसवीत, आणि मी चुळबुळ केली की पुन्हा पहिल्यापासून. एका गाईभोवती दहा विद्यार्थी उभे केले तर नऊ जण वहीत दहाव्याचे ऐकणे उतरवून घेतात. परीक्षेपुरत्या पाठ केलेल्या ताना मी रोज ऐकतो, त्यामुळे ही वही माझ्या ओळखीची आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की उमेदवारीचे ते वर्ष नोंदवह्या भरण्यात आणि सह्या गोळा करण्यात जाऊ नये. एक विद्यार्थी, एक जनावर, आणि शेजारी एक शिक्षक, ही व्यवस्था खर्चाची आहे हे मला कळते. पण तिचा खर्च टाळला की तो शेवटी म्हशीच्या मालकाला भरावा लागतो.

कानाचा आणि वैद्यकाचा संबंध माझ्या पदरचा नव्हे. बोटाने छातीवर ठोकून रोग ओळखण्याची रीत १७६१ साली प्रसिद्ध करणारा व्हिएन्नाचा डॉक्टर औएनब्रुगर हा खानावळवाल्याचा मुलगा होता, आणि त्याने सालिएरी या संगीतकाराच्या एका संगीतिकेची संहिताही लिहिली. १८१६ मध्ये ऐकण्याची नळी शोधणारा फ्रान्सचा लाएनेक बासरी वाजवीत असे.

मुलीच्या वडिलांना मी आता उत्तर दिले आहे. गाणे चालू राहू द्या, मैफलीसाठी नव्हे. सुटीत ती येते तेव्हा आम्ही अर्धा तास नुसता षड्ज लावून बसतो. पूर्वी ती घड्याळाकडे पाहत असे. हल्ली पाहत नाही.